वाट सुरू होते तिथला फलक

गडाच्या किंवा शिखराच्या पायथ्याशी पोहोचल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे आपण कशी घालवतो, हे वाचकहो, एकदा आठवून पाहावे. गाडी लावायला सावली शोधली जाते, पोहे आणि चहा होतो, मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या जातात, एक छायाचित्र निघते आणि मंडळी वाटेला लागतात. ज्या कमानीखालून आपण जातो, तिच्या बाजूला बहुधा एक लोखंडी फलक उभा असतो. त्याच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही, आणि त्यात सगळा दोष आपलाच आहे असेही नाही.

त्या फलकावर काय लिहिलेले असते? गडाची उंची, तो कोणी बांधला आणि कोणत्या साली जिंकला, वर पाहण्यासारख्या स्थळांची यादी, आणि खाली सौजन्य करणाऱ्यांची नावे. ही नावे पुष्कळदा गडाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. आपल्याकडील फलककलेचा तो एक स्वतंत्र अध्याय आहे. जे लिहिलेले नसते ते असे : वर पिण्याचे पाणी आहे का, लहान मूल बरोबर असता किती वेळ लागतो, कितीला परत फिरावे, पावसाळ्यात कोणता ओढा वाट अडवतो, आणि पाय मुरगळला तर हाक कोणाला मारायची.

इतिहास आपण घरी वाचू शकतो, गडाच्या दरवाजात बसूनही वाचू शकतो. आरोग्याची माहिती मात्र पायथ्याशीच वाचावी लागते, कारण निर्णय बदलण्याची किंमत तेथे शून्य असते. पाण्याच्या दोन बाटल्या आणखी घेता येतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना गावातल्या देवळाच्या ओसरीवर थांबवता येते, उशीर झाला असेल तर शिखराऐवजी पहिल्या पठारापर्यंतच जाण्याचे ठरवता येते. हेच निर्णय दोन तासांच्या चढणीनंतर घ्यावे लागले, की प्रत्येकाला घाम, वेळ आणि कधी कधी जीव मोजावा लागतो. म्हणून पायथ्याचा फलक हा पर्यटनाचा विषय आहे तितकाच, किंबहुना अधिक, कुटुंबाच्या आरोग्याचा विषय आहे.

या विषयाला आज निमित्तही आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाची साक्ष देणारे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड या नावांच्या ओढीने पूर्वी कधी डोंगर न चढलेली कुटुंबेही आता तिकडे वळणार, हे उघड आहे. सरावाच्या गिर्यारोहकाला फलकाची गरज कमी असते. ती गरज त्या कुटुंबाला आहे, जे रविवारी सकाळी उत्साहाने निघाले आहे आणि ज्याच्याकडे पाच माणसांत मिळून पाण्याच्या दोनच बाटल्या आहेत.

हवा विरळ नसते

चढताना दम लागला की ‘वर हवा विरळ आहे’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. उंचीमुळे होणारा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीत लागणारा दम विरळ हवेचा नाही. सवय नसलेल्या हृदयाला, फुप्फुसांना आणि मांड्यांना एकदम तीन तासांचा चढ दिल्याचा तो परिणाम आहे. हा फरक शब्दांचा नाही. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, थंड घाम, अचानक आलेला विलक्षण थकवा ही लक्षणे ‘हवा विरळ आहे, थोडे बसा म्हणजे बरे वाटेल’ या वाक्याखाली झाकली जातात. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत हे झाकणे महागात पडते. ‘हा चढ दोनशे मजले जिन्याने चढण्याइतका आहे’ असे एक वाक्य जर फलकावर असेल, तर पुष्कळांना आपल्या तब्येतीचा अंदाज उंचीच्या आकड्यापेक्षा लवकर येईल. बारी गावातून कळसूबाईला आठशे मीटरहून अधिक चढावे लागते. एक मजला सुमारे तीन मीटरचा धरा आणि भागाकार स्वतःच करून पाहा.

यापेक्षाही अधिक गांभीर्याने घ्यावयाची गोष्ट म्हणजे उष्णता. सह्याद्रीचा काळा कातळ सकाळी दहापासून तापू लागतो. मार्च ते मे या महिन्यांत उघड्या सोंडेवरून चढणाऱ्याला वरून सूर्य आणि खालून दगड असा दोन्हीकडून ताप होतो. अशा श्रमात तासाला एक लिटरपेक्षा अधिक घाम जाऊ शकतो. मोठ्या माणसाने तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी, घोटघोट, अशा बेताने प्यावे. पाच तासांच्या फेरीला माणशी तीन लिटर हा हिशेब त्यातूनच येतो. घामातून मीठही जाते, त्यामुळे केवळ साधे पाणी भराभर ढोसत राहणेही योग्य नव्हे. रक्तातील सोडियम फार खाली गेले तर डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही लक्षणे त्यातूनही निर्माण होतात. दाणे, खारी बिस्किटे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस बरोबर असू द्यावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावयाचे असते. छोट्या बाटलीत सबंध पाकीट ओतून केलेले दाट द्रावण मुलांना अपायकारक ठरते.

उन्हाच्या त्रासाच्या दोन पायऱ्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. पहिली पायरी थकव्याची : डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे, मळमळ, चक्कर, गार चिकट त्वचा. येथे सावलीत बसवणे, कपडे सैल करणे, पाणी आणि मीठ देणे एवढ्याने माणूस बहुधा सावरतो. मात्र त्या दिवशीचा चढ तेथेच संपला असे समजावे. दुसरी पायरी उष्माघाताची. माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या देतो, चिडतो किंवा गप्प होतो. अंग तापलेले असते आणि शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते. ‘घाम थांबला म्हणजेच उष्माघात’ हा समज सोडून द्यावा. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असू शकते. अशा वेळी खाली नेण्याची घाई करण्याआधी तेथेच गार करणे महत्त्वाचे. असेल नसेल ते पाणी अंगावर ओतावे, ओल्या कपड्याने अंग पुसून वारा घालावा. मान, काखा आणि जांघा ओल्या ठेवाव्यात. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

मुले तहान लागल्याचे उशिरा सांगतात, कारण खेळ संपेपर्यंत त्यांना ती जाणवतच नाही. वृद्धांची तहानेची जाणीवच मंद झालेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा सहलीपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा गोळ्या-बिस्किटे स्वतःच्या खिशात ठेवावीत, पायथ्याच्या गाडीत नव्हे.

आता एवढे सारे फलकावर मावणार नाही, आणि मावू नयेही. फलकावर त्यातील एकच ओळ हवी : ‘शेवटचे खात्रीचे पाणी येथेच आहे.’ गडांवर कातळात कोरलेली टाकी असतात, त्यांतील काहींचे पाणी गोड आणि स्वच्छ असते. पण कोणते टाके पिण्याचे, कोणते जानेवारीत आटते, कोणत्यात शेवाळ धरते, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. ते त्याला विचारूनच लिहावे. टाक्याचे पाणी प्यावेच लागले तर उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबून प्यावे.

‘इथंच आहे, अर्ध्या तासावर’

पायथ्याच्या गावात वाट विचारली की मिळणारे हे उत्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते खोटे नसते. सांगणाऱ्या मावशी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन खरोखरच अर्ध्या तासात तेथे पोहोचतात. फक्त तो अर्धा तास त्यांचा असतो. आपला दीड तासाचा होतो. म्हणून फलकावरील वेळ कोणाची, हे ठरवणे हे फलक लावणाऱ्याचे पहिले काम आहे.

स्वित्झर्लंडमधील पायवाटांचे पिवळे फलक या बाबतीत आदर्श मानले जातात. तेथे पायवाटांची राष्ट्रीय संघटना १९३४ साली उभी राहिली आणि देशभर एकसारखे फलक लावण्याची शिस्त आली. त्या फलकांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, आणि ती सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या बेताच्या चालीने, चढ-उताराचा हिशेब धरून काढलेली असते. त्यात विश्रांतीचा वेळ मिळवलेला नसतो, हे तेथील लोकांना माहीत असते. वाटेचा प्रकारही रंगावरून कळतो : साधी वाट पिवळी, डोंगरी वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि अनुभवी माणसांनीच जावे अशी वाट पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून जाणारी वाट, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी वाट आणि नळीची वाट या तिन्हींचे गंतव्य एकच; पण तिन्हींसाठी लागणारे शरीर आणि अनुभव अगदी वेगळे. ‘हरिश्चंद्रगडाकडे’ एवढाच बाण दाखवणारा फलक या तिघींना एकाच तागडीत टाकतो.

वेळ काढण्याचा एक जुना, सोपा नियम स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितला. मेट्रिक मापात तो असा : सपाट अंतरासाठी ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे आणखी एक तास. कळसूबाईला लावून पाहू. बारीहून अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर धरले तर त्याचे ७८ मिनिटे, आणि ८०० मीटर चढाचे ८० मिनिटे. एकूण दोन तास चाळीस मिनिटे. हे गणित धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचे. दहा वर्षांचे मूल आणि पासष्टीचे आजोबा बरोबर असतील तर त्याची दीडपट धरावी, म्हणजे चार तास. सुट्टीच्या दिवशी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते, तो वेळ वेगळा. उतरायला कमी वेळ लागेल ही अपेक्षाही फसवी असते. घसाऱ्यावरून उतरताना गुडघ्यांवर चढतानापेक्षा अधिक भार येतो आणि थकलेले पाय निसटतात.

या साऱ्यातून फलकावर यावा असा सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे परत फिरण्याची वेळ. डिसेंबरच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कारवीच्या रानात आणि घळीत अंधार त्याआधीच उतरतो. अंधारापूर्वी तासभर हातात राखायचा आणि उतरायला तीन तास लागतात असे धरले, तर दुपारी दोन ही परतीची वेळ ठरते. मग फलकावर स्पष्ट लिहावे : ‘दुपारी दोन वाजता जेथे असाल तेथून परत फिरा. शिखर दिसत असले तरीही.’ हे शेवटचे चार शब्द आवश्यक आहेत, कारण ‘आता आलेच की’ या तीन शब्दांनी अनेक कुटुंबांना रात्री मोबाइलच्या उजेडात कडा उतरायला लावले आहे. फलकावर छापलेली वेळ घरातील सर्वांत थकलेल्या माणसाच्या बाजूने बोलते. ‘मला जमत नाही’ असे म्हणण्यास संकोचणारी आई किंवा आजोबा त्या ओळीकडे बोट दाखवू शकतात.

पाऊस आणि ‘धोका’ हा शब्द

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्याच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. त्या घटनेची चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. थोड्या वेळापूर्वी जेथे पाय बुडतील एवढे पाणी असते, तेथे वर डोंगरात झालेल्या पावसाने काही मिनिटांत लोंढा येतो. आपण उभे असतो तेथे कदाचित ऊनही असते.

अशा जागी ‘धोका’ किंवा ‘पाण्यात उतरू नये’ असे फलक लावून भागते का? माझे मत असे की, भागत नाही. ‘धोका’ हा शब्द आपण रोहित्राच्या खांबापासून इमारतीच्या पत्र्यापर्यंत इतक्या ठिकाणी वाचतो की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. मनाईपेक्षा कारण अधिक परिणाम करते. ‘वर पाऊस झाला की येथील पाणी काही मिनिटांत वाढते. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की तत्काळ काठावर या’ हे वाचलेले दहा वर्षांचे मूल पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते, आणि मोठ्यांना हटकतेसुद्धा. वाट ज्या ओढ्यातून जाते त्याचे नाव, आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडू नये, पाणी ओसरेपर्यंत थांबावे, अशी सूचना पावसाळ्यासाठी लिहिता येते. पाऊस थांबल्यावर डोंगरी ओढे बहुधा काही तासांत उतरतात. थांबणे कंटाळवाणे असते, एवढेच.

चित्र शब्दांपेक्षा लवकर पोहोचते. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनमध्ये उन्हाचा इशारा देणाऱ्या फलकावर गुडघ्यांवर वाकून ओकणाऱ्या तरुणाचे चित्र आहे. चित्र सुंदर नाही, आणि म्हणूनच लक्षात राहते. तो तरुण धडधाकट दाखवला आहे, हे विशेष. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाच ते उद्देशून आहे. तेथील व्यवस्थापनाने १९९०च्या दशकात उन्हाचे बळी वाढल्यावर आणखी एक गोष्ट केली : वाटेच्या तोंडाशी स्वयंसेवक उभे केले. ते अडवत नाहीत. पाणी किती आहे, कोठवर जाणार, परत कधी येणार, एवढे विचारतात. आपल्याकडे हे काम चहाच्या टपरीवरच्या काकू करू शकतात, आणि काही गावांत त्या ते आपणहून करतातही.

फलक उभा करताना

वाचकांपैकी अनेकजण गृहनिर्माण संस्था, गिर्यारोहण मंडळे, शाळांचे माजी विद्यार्थी संघ यांच्यामार्फत असा फलक देण्याचा विचार करू शकतील. त्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. गावाच्या हद्दीत ग्रामपंचायतीचा ठराव हवा. वाट वनजमिनीतून जात असेल तर वनविभागाची परवानगी हवी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर तर अभयारण्यच आहे. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याखेरीज खड्डाही खणू नये. केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असा १९५८च्या कायद्यातील २०१० सालच्या दुरुस्तीचा नियम आहे. आपला फलक पायथ्याला, गावातच राहिला तर ही अडचण बहुधा येत नाही, आणि तो असावाही तेथेच. गडाच्या दगडावर रंगाने बाण काढणे हा उपाय नव्हे. ते विद्रूपीकरण आहे.

जागा निवडताना माणसे आपोआप जेथे थांबतात ती पाहावी : हापशाजवळ, टपरीसमोर, गाड्या लावण्याच्या जागेकडून वाट जेथे वळते तेथे. कमानीवर लिहिलेले कोणी वाचत नाही. सह्याद्रीत पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. फलकाची पाठ तिकडे केली तर अक्षरे अधिक वर्षे टिकतात आणि दुपारचे ऊनही थेट लागत नाही. खांब काँक्रीटमध्ये खोल रोवावेत, कारण गावातल्या म्हशींना अंग घासण्यासाठी असाच खांब हवा असतो. लाकडाला वाळवी लागते, साध्या पत्र्याला गंज, आणि चिकटवलेला छापील कागद काही उन्हाळ्यांत फिका होतो. त्यातही लाल रंग आधी उडतो, म्हणजे नेमका इशाराच पुसला जातो. पिवळ्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर पक्क्या रंगाने, हे सर्वांत भरवशाचे.

दहा फुटांवरून सहज वाचायचे असेल तर अक्षर किमान एक इंच उंचीचे हवे, आणि देवनागरीत वरच्या मात्रा व खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत मोकळी जागा हवी. फलकाचा मध्य साधारण पाच फुटांवर असला, म्हणजे मुलांनाही वाचता येतो. मराठी आधी, मग हिंदी आणि इंग्रजी. सगळे मिळून उभ्याने दोन मिनिटांत वाचून व्हावे.

नकाशा असेल तर एक चूक टाळावी. आपण नकाशाची वरची बाजू नेहमी उत्तर ठेवतो, आणि फलक मात्र मिळेल त्या दिशेला तोंड करून लावतो. वाचणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वर हवे, उजवीकडची खिंड नकाशातही उजवीकडेच दिसली पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन लेव्हिन यांनी १९८०च्या दशकात ‘आपण येथे आहात’ प्रकारच्या नकाशांचा अभ्यास करून हेच दाखवले : उलट लावलेला नकाशा माणसांना उलट दिशेलाच पाठवतो. ढोरवाटा जेथे फुटतात त्या जागाही नकाशात दाखवाव्यात. सह्याद्रीत वाट चुकते ती बहुधा अधिक मळलेल्या ढोरवाटेने भुलवल्यामुळे.

संपर्काचा रकाना लहान ठेवावा. ११२ हा सर्व आपत्तींसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, वनविभागाचा १९२६. मोबाइलला संपर्क कोठे मिळतो ती जागा नकाशात खुणेने दाखवावी. सर्पदंशावरील लस ज्या जवळच्या रुग्णालयात खरोखर उपलब्ध असते त्याचे नाव विचारून, खात्री करून लिहावे. दंश झालेला अवयव न हलवता, न आवळता, न चिरता थेट तेथे न्यायचे असते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ‘धूर, अत्तर, आरडाओरडा नको’ ही ओळ पुरेशी आहे.

फलक नसेल तेथे

बहुतेक ठिकाणी तो नसेलच, किंवा त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतील. मग तेच प्रश्न गावात विचारावेत, फक्त नीट शब्दांत. ‘किती लांब आहे?’ असे न विचारता ‘असं लहान मूल घेऊन आलेले लोक सकाळी गेले तर कितीला परत येतात?’ असे विचारावे. उत्तर एकदम बदलते. पाणी या आठवड्यात कोठे आहे, काल पाऊस झाला का, वाट कोठे फुटते, हे विचारावे. फलक असेल तर तो घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र घरी राहिलेल्या माणसाला पाठवावे. सोबत दोन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या वाटेने जात आहोत, आणि कितीपर्यंत फोन न आल्यास काळजी करावी. मदत पथकाला शोध घ्यावा लागलाच तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

काही पायथ्यांना नोंदवही ठेवलेली असते. तीत नावे आणि संख्या लिहिण्यास माणसे सहसा विसरत नाहीत; विसरतात ती परतल्याची वेळ लिहायला. उतरल्यावर पाय कितीही दुखत असले तरी टपरीपाशी मिनिटभर थांबून ती लिहावी, म्हणजे संध्याकाळी वही मिटताना गावकऱ्याला रिकाम्या रकान्यासाठी बॅटरी घेऊन डोंगराकडे पाहत बसावे लागत नाही.